हाकेच्या अंतरावर

परवा रात्री जेवताना चिरंजीवांनी मोबाईलमधून मान वर काढून जाहीर केलं, "बाबा, पॅरिसला पंधरा मिनिटांचं शहर करतायत. शाळा, दुकान, दवाखाना, बाग, सगळं घरापासून पंधरा मिनिटांत. तेही पायी, नाहीतर सायकलने!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "त्यात नवं काय? आमचं शहर पाच मिनिटांचं होतं. उरलेली दहा मिनिटं आम्ही वाटेत बोलत उभे राहायचो."

मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. कुठलंही खातं समोर आलं की आरंभीची शिल्लक पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा या पंधरा मिनिटांच्या खात्याची मागची पानं उलटली. कार्लोस मोरेनो या पॅरिसच्या प्राध्यापकांनी २०१६ साली ही कल्पना मांडली आणि २०२० साली तिथल्या महापौरबाईंनी ती निवडणुकीत घेतली. त्याच्याही आधी, १९२९ साली, क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन गृहस्थांनी एक आराखडा मांडला होता. मधोमध शाळा, कडेला दुकानं, मोठे रस्ते वस्तीच्या बाहेरून आणि पोरांना शाळेत चालत जाता यावं इतपतच वस्तीचा पसारा. पण त्याहून जुनी नोंद सापडली ती आमच्याच शाखेत. पुण्याची पेठ!

शनिवारवाड्याचं काम १७३० साली सुरू झालं आणि पुढे पेठांवर पेठा वाढत गेल्या. पेठ वसवायची म्हणजे कुणा भरवशाच्या माणसावर काम सोपवायचं, व्यापाऱ्यांना काही वर्षं करमाफी द्यायची आणि कारभाराला शेटे-महाजन नेमायचे. म्हणजे आधी वाणी, मग वस्ती. हल्ली आधी बारा मजले उठतात आणि वाणी मागाहून पार्किंगमध्ये उगवतो. गुरुवार पेठेला पूर्वी वेताळ पेठ म्हणत. नाव बदललं ते बरं झालं, नाहीतर वेताळ पेठेतल्या मुलाला मुलगी कोण देणार?

पाणीसुद्धा दाराशी आलं. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि ठिकठिकाणच्या हौदांपर्यंत आणलं. पुणेकर अजून 'बदामी हौदापाशी' असा पत्ता सांगतो. हौदात पाणी आहे की नाही, याच्याशी पत्त्याला कर्तव्य नसतं.

आता जमेची बाजू सांगितली, तशी नावेची बाजूही सांगायला हवी. हौद हाकेच्या अंतरावर असून काही माणसांना तो कोसभर लांब होता. जातीमुळे ज्यांना पाणी भरू देत नसत, त्यांच्यासाठी जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला. हौद जागचा हलला नाही, अंतर मात्र मिटलं. अंतर नुसतं पावलांनी मोजून भागत नाही, एवढा धडा त्यातून मी घेतला.

अण्णांचं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यातलं. वाणी, गिरणी, न्हावी, वैद्य, शाळा आणि मोदी गणपती, सगळं चपला पायात सरकवण्याच्या आत येणारं. शौचालय सामायिक आणि सकाळची रांग पोस्टातल्या रांगेहून लांब, हे अण्णा सांगायचं विसरतात. ते आई आठवणीने सांगते. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा अण्णा तेरा वर्षांचे होते. शेजाऱ्यांनी वाड्यावाड्यांतून हाका मारल्या म्हणून माणसं वेळेवर बाहेर पडली. "घड्याळ कोण बघतंय? हाक ऐकू आली एवढंच," असं ते म्हणतात.

पुरानंतर शहर नदीपासून लांब लांब पसरलं. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर ही नावं पुणेकराच्या तोंडात बसली. आमचा वाडा बऱ्याच वर्षांनी बिल्डरकडे गेला आणि आम्ही बिबवेवाडीला आलो. इथे अप्पर आणि लोअर ही रेल्वेच्या बर्थची नावं नसून वस्त्यांची आहेत, हे समजायलाच मला महिना लागला. तक्रार म्हणाल तर काही नाही. एकेकाळचं हे शहराबाहेरचं गाव, पण आज शेजारच्या मार्केट यार्डात सगळ्या पुण्याची भाजी उतरते. दवाखाना, शाळा, बँक, देऊळ, सगळं नकाशात दहा मिनिटांच्या आत. पेरीसाहेब खूश झाले असते. फक्त त्यांनी बाहेरून न्यायला सांगितलेला मोठा रस्ता इथे घर आणि दूध यांच्या मधून जातो.

पुण्याने २०२१पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांना मोकळा मिळतो. वर्षातून एक दिवस! आपल्याकडे पितरांनासुद्धा पंधरवडा मिळतो.

गेल्या महिन्यात एका सकाळी अण्णा दूध आणायला गेले ते लवकर येईनात. मी खाली उतरलो. पाहतो तर अण्णा दुभाजकावर दुधाची पिशवी छातीशी धरून उभे, दोन्ही बाजूंनी वाहनांचा पूर. मी कसाबसा पोचलो. ते हसून म्हणाले, "बघ, आपलंही झालं की रे पंधरा मिनिटांचं शहर. तीन मिनिटं चालायला, बारा पलीकडे जायला." हसले खरे, पण माझी बाही त्यांनी घरी येईपर्यंत सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाले, "आजपासून दूध तूच आणत जा."

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाने पुरात सोडली नव्हती ती गोष्ट दुभाजकावर सोडली. मला ते खातं असं बंद करवेना.

आता रोज साडेसहाला आम्ही दोघं निघतो. मी रस्त्यात हात वर करून उभा राहतो, अगदी काउंटर बंद करताना गिऱ्हाइकाला दाखवतो तसा. वाहनं थांबतात, शिव्या मला मिळतात आणि अण्णा पलीकडे जातात. तीन मिनिटांत दूध मिळतं. मग दुकानदाराशी ते दहा मिनिटं बोलत उभे राहतात, आणि मी घड्याळ न बघता थांबतो.