दख्खनच्या बेसाल्टातील झिओलाइट खनिजे

झिओलाइट हा जलयुक्त ॲल्युमिनोसिलिकेट खनिजांचा एक गट आहे. महाराष्ट्रातील पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांच्या बेसाल्ट खडकात या खनिजांचे उत्कृष्ट स्फटिक सापडतात व जगभरातील संग्रहालयांत ते जतन केले गेले आहेत. १७५६ मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट याने या गटाला हे नाव दिले. तापवताच हे खनिज पाणी सोडून उकळल्यासारखे फुगते. म्हणून ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या अर्थांच्या शब्दांवरून ते बनले.

निर्मिती

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिले व खडकात पोकळ्या झाल्या. पुढे भेगांतून झिरपलेल्या उष्ण पाण्याने बेसाल्टातील सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम व सोडियम विरघळवून या पोकळ्यांत आणले. द्रावण अतिसंपृक्त होताच पोकळीच्या भिंतीवर सूक्ष्म केंद्रके तयार होतात आणि त्यांवर अणू ठरावीक मांडणीने एकावर एक रचले जातात. स्फटिकाचे सपाट पृष्ठ व नेमके कोन हे या आंतरिक मांडणीचेच बाह्य रूप होय. घट्ट खडकात शेजारचे कण एकमेकांची वाट अडवतात; पोकळीत मात्र मोकळी जागा मिळते, म्हणूनच येथील स्फटिक सुघड होतात.

प्रमुख खनिजे व ओळख

स्टिल्बाइटचे स्फटिक पेंढीसारखे मध्ये आवळलेले व बहुधा पांढरे किंवा गुलाबी-पीच रंगाचे असतात. स्कोलेसाइट सुयांच्या झुबक्यांसारखा, तर मेसोलाइट केसांसारखा बारीक असतो. सोबत आढळणारा ॲपोफिलाइट बाजारात झिओलाइट म्हणून विकला जातो, पण त्याच्या रचनेत ॲल्युमिनियम नसल्याने तो या गटात मोडत नाही. पुण्याजवळील वाघोलीचे निळे कॅव्हॅन्साइट हेही वेगळे, व्हॅनेडियमयुक्त खनिज आहे. गारगोटी म्हणजे सिलिका. ती काचेवर ओरखडा काढते, स्टिल्बाइट मात्र काढू शकत नाही. विद्यार्थ्यांना एवढी कसोटी पुरेशी आहे.

उपयोग

झिओलाइटच्या सांगाड्यात रेणूंच्या मापाची छिद्रे असतात. त्यामुळे कठीण पाणी मृदू करणे, खनिज तेलाचे शुद्धीकरण व हवेतील नायट्रोजन शोषून ऑक्सिजन वेगळा करणे यांसाठी ते वापरतात. उद्योगांत मुख्यतः कृत्रिम झिओलाइट असतात.

जतन

हे स्फटिक प्रामुख्याने विहिरी खोदताना आणि दगडखाणींत हाती लागतात. खाणीचा हेतू खडी हा असल्याने पोकळ्यांसह पुष्कळ नमुने क्रशरमध्ये जातात. उरलेले विकले जातात, तेव्हा ते कोणत्या खाणीतील, लाव्हाच्या कोणत्या थरातील हे क्वचितच लिहून ठेवले जाते. अशी नोंद नसलेला नमुना देखणा असतो, पण अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे निम्मे मोल गेलेले असते. सिन्नर येथील ‘गारगोटी’ या खासगी संग्रहालयात महाराष्ट्रातील अनेक नमुने पाहता येतात.