भुलेखालच्या मज्जातंतूंची खातरजमा

भातखाचरे, वर्सोव्याचा कोळीवाडा आणि महाकालीची लेणी यांनी ओळखली जाणारी साष्टीतील अंधेरी १९५० साली बृहन्मुंबईच्या हद्दीत सामील झाली, तरी मेंदूची वा कण्याची शस्त्रक्रिया ठरली की तेथील रोग्याला परळच्या केईएमसारख्या रुग्णालयाचा रस्ता धरावा लागे; आणि तेथेच काय, त्या काळी जगात कोठेही, मज्जारज्जू शाबूत राहिला की नाही याचा भरवशाचा दाखला रोगी शुद्धीवर येऊन पाय हलवीपर्यंत मिळत नसे.

एक जुना प्रयत्न मात्र नमूद करण्याजोगा आहे. १८९८ साली जर्मनीत फेडोर क्राउझे यांनी कर्णमज्जातंतू छेदताना शेजारच्या तंतूला क्षीण विद्युत्प्रवाह दिला, आणि चेहरा आकुंचन पावलेला पाहून तो चेहऱ्याचा तंतू असल्याची ओळख पटविली. मज्जारज्जूसाठी १९७३ साली फ्रान्समध्ये स्ताञारा प्रभृतींनी निराळी तजवीज केली : वाकडा कणा सळ्यांनी सरळ करीत असता भूल हलकी करावयाची व रोग्याला पाय हलविण्याचा हुकूम द्यावयाचा. परीक्षा खरी, पण पुराव्याचा क्षण एकच. त्यानंतर इजा झाली तर वार्ता कोण देणार? त्याच वर्षी अंधेरीत इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ या निर्यात क्षेत्राची स्थापना झाली, हा निव्वळ योगायोग. परंतु शस्त्रक्रियागृहातील पुढचे स्थित्यंतर घडले ते इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्याच बळावर.

१९७७ साली अमेरिकेत नॅश आणि सहकाऱ्यांनी पायाच्या मज्जातंतूला विद्युत्स्पंद देऊन डोक्यावर उमटणारा संवेदी प्रतिसाद शस्त्रक्रियेदरम्यान नोंदविण्याची रीत मांडली. हा संकेत इतका क्षीण, की मेंदूच्या स्वतःच्या विद्युत्कल्लोळातून तो निवडण्यास शेकडो स्पंदांची सरासरी काढावी लागे. शिवाय तो मुख्यतः मज्जारज्जूच्या मागील बाजूने जात असल्याने, पुढील बाजूचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडले तरी पडद्यावरील रेषा निर्धास्त राहू शके. मला तर या विद्येचा खरा इतिहास त्या निर्धास्त रेषेवरील अविश्वासाचाच वाटतो. १९८० साली मर्टन व मॉर्टन यांनी जाग्या माणसाच्या कवटीवरून स्पंद देऊन स्नायू हलविले. पुढे स्पंदांच्या लहान मालिकेने भुलेतही ते साधले, आणि चालक मार्गावर पहारा बसला.

त्याचा भार पडला भूलतज्ज्ञांवर. वायुरूप भूल स्नायूंचा हा प्रतिसाद मंद करते, स्नायू शिथिल करणारे औषध तर तो पुसूनच टाकते. म्हणून शिरेतून प्रोपोफॉल देण्याची पद्धत रूढ झाली. २००९ साली अंधेरीतच, चार बंगल्यांपाशी, कोकिळाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय उघडले, आणि अशा शस्त्रक्रियांसाठी अंधेरीकराला घराजवळही पर्याय मिळाला. आता शस्त्रक्रिया चालू असता संवेदी रेषेची उंची निम्म्याने घसरली की तंत्रज्ञ इशारा देतो, शल्यविशारदाचा हात थांबतो. मग रक्तदाब, तापमान, भुलेची मात्रा यांची चौकशी होते, सळीचा ताण सैल केला जातो, आणि कधी कधी दोषी ठरते ती चादरीखाली निसटलेली, संकेत टिपणारी सुई.