कागदी नकाशा ते टॅब्लेट : लहान विमानांतील दिशादर्शन-साधनांचा इतिहास आणि खानदेश

प्रस्तावना :
अमळनेरच्या पूर्वेस जळगाव, पश्चिमेस धुळे आणि उत्तरेस शिरपूर येथील धावपट्ट्या आज वैमानिक-प्रशिक्षणाशी जोडल्या गेल्या आहेत. १९२८ मध्ये जुहू येथे सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण पुढे धुळ्यास आले. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत जळगावचा समावेश होता. या पार्श्वभूमीवर, बाजारात कोणासही मिळणारा टॅब्लेट लहान विमानात कसा आला व त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले. त्यांच्या पुस मॉथ विमानात बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि जमिनीवरील खुणा हाच त्या काळातील वैमानिकाचा आधार होता. अमेरिकेत एल्रे जेपसेन या टपाल-वैमानिकाने धावपट्ट्या व अडथळ्यांच्या स्वतःच्या नोंदी १९३४ पासून विकण्यास आरंभ केला. त्यातूनच छापील उड्डाण-नकाशांचा व्यवसाय उभा राहिला. पुढील सुमारे सात दशके वैमानिकाच्या मांडीवरील पाटीवर कागदाचेच राज्य होते.

टॅब्लेटचा प्रवेश :
अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने २००७ मध्ये खासगी उड्डाणांत कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक साधन वापरण्यासंबंधी परिपत्रक काढले. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला. विमानात कायम बसविलेल्या उपकरणाच्या तुलनेत तो अत्यल्प किमतीचा होता. नकाशावर विमानाचे स्थान सरकताना दिसू लागले. नकाशांच्या नव्या आवृत्त्या घरबसल्या उतरवता येऊ लागल्या. लहान विमानांचे चालक तिकडे वळले, यात नवल नाही.

मर्यादा :
तथापि हे साधन विमानासाठी घडविलेले नव्हते. केवळ वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचा ग्राहक नसतो; त्यास वेगळे उपकरण जोडावे लागते. २८ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या टॅब्लेटवरील नकाशा-प्रणाली बंद पडून अनेक उड्डाणे रखडली. खानदेशापुरता प्रश्न अधिक मूलभूत आहे. आयपॅडसाठी उत्पादकाने सांगितलेले सभोवतालचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. काचेच्या छताखाली, थेट उन्हात ठेवलेला टॅब्लेट तापला की पडदा मंदावतो किंवा यंत्र स्वतःहून बंद होते. प्रशिक्षणार्थीस नकाशाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच क्षणी हे घडू शकते.

१६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा टॅब्लेटशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी चालणाऱ्या प्रशिक्षणात चुकीला किती कमी वाव असतो, हे तिने आपल्या परिसरास दाखवून दिले.

निष्कर्ष :
प्रत्येक नव्या साधनाने वैमानिकाचे एक ओझे उतरविले आणि त्याला एका नव्या गोष्टीवर विसंबून राहण्यास भाग पाडले. कागदास वीज लागत नाही व तो उन्हाने बंद पडत नाही. म्हणून खानदेशातील प्रशिक्षणार्थीने तापी, पांझरा व बोरी या नद्या, लोहमार्ग आणि सातपुड्याची रांग पाहून आपले स्थान ओळखण्यास आधी शिकावे. टॅब्लेट त्यानंतर हाती यावा, आणि तो आल्यावरही घडी घातलेला नकाशा विमानात असावा.