दुसऱ्या मात्रेचा शिक्षक : एडी टॉरेस आणि न्यूयॉर्कचा साल्सा

१/ नृत्याचा इतिहास लिहिताना पहिली अडचण येते ती साधनांची. गाणे तबकडीवर उरते, मैफलीची जाहिरात वर्तमानपत्रात उरते. नर्तकाचे पाऊल मात्र जमिनीवरून उचलले की संपले. अशा वेळी पावले मोजून, त्यांना नावे देऊन ती पुढच्या पिढीच्या हाती सोपवणारा शिक्षक हाच दफ्तरखाना ठरतो. न्यूयॉर्कच्या साल्सासाठी हे काम ज्यांनी केले, त्यांत एडी टॉरेस अग्रभागी आहेत.

२/ थोडी पार्श्वभूमी. १९१७ च्या जोन्स कायद्याने पोर्तो रिकोच्या रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील माणसे पोटापाण्यासाठी मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला आली. ईस्ट हार्लेम ही त्यांची प्रमुख वस्ती. रहिवासी तिला 'एल बारिओ', म्हणजे नुसतेच 'वस्ती', म्हणत. १९५० साली जन्मलेले टॉरेस याच वस्तीतले.

३/ त्या काळी मांबो नृत्याची राजधानी होती ब्रॉडवे आणि ५३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे 'पॅलेडियम' हे नृत्यगृह. माचितो, टिटो पुएन्ते आणि टिटो रॉड्रिगेझ यांचे वाद्यवृंद तेथे वाजत. पोर्तो रिकन, क्यूबन, कृष्णवर्णीय, ज्यू, इटालियन असे सारे एकाच फरशीवर नाचत. वर्णभेद समाजात मुरलेला असतानाच्या या गोष्टी आहेत. 'क्यूबन पीट' या नावाने गाजलेला नर्तक प्रत्यक्षात पोर्तो रिकन होता आणि त्याची जोडीदार मिली डोने इटालियन वंशाची.

४/ १९६६ मध्ये पॅलेडियम बंद पडले. संगीत मात्र थांबले नाही. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी 'फानिया' ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली होती. १९७१ मध्ये 'चीता' क्लबात आणि १९७३ मध्ये यांकी स्टेडियमवर तिच्या कलावंतांच्या मैफली गाजल्या. क्यूबन मुळांच्या या न्यूयॉर्की संगीताला 'साल्सा' हे नाव बाजारात याच वर्षांत रुळले.

५/ येथे एक विसंगती दिसते. संगीताला नाव मिळाले, कंपनी मिळाली, श्रोते मिळाले. नृत्य मात्र पोरके राहिले. बॉलरूमच्या शिकवणी वर्गांत मांबो शिकवला जाई, पण तो साच्यात बसवलेला. क्लबातला जिवंत नाच शिकायचा तो पाहून, अनुकरणाने. त्यातच सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तरुणांना डिस्को आणि 'हसल'ने ओढून घेतले. एक पिढी थकली आणि दुसरी वळलीच नाही, तर विद्या तेथेच बुडते. धोका हाच होता.

६/ टॉरेसही क्लबात इतरांची पावले पाहूनच शिकले. त्यांना वळण लावले ते जून लाबर्टा या बॉलरूम शिक्षिकेने. मात्रा मोजणे, हालचालींना नावे देणे, नृत्याचे शास्त्र समजून घेणे हे त्यांना तिच्याकडून मिळाले. वस्तीची विद्या आणि स्टुडिओची शिस्त यांची गाठ येथे पडली.

७/ त्यातून जी पद्धत घडली, ती आपल्या भाषेत सांगायची तर अशी : आठ मात्रांचे आवर्तन धरा. पावले १-२-३ आणि ५-६-७ वर पडतात. ४ आणि ८ वर विसावा. मात्र शरीराची दिशा बदलते ती पहिल्या मात्रेवर नव्हे, तर २ आणि ६ वर. म्हणून या शैलीला 'ऑन टू' म्हणतात.

८/ दुसऱ्याच मात्रेचा आग्रह कशासाठी? कोंगा या ढोलाच्या नेहमीच्या ठेक्यात दुसऱ्या मात्रेवर एक कोरडी, तीक्ष्ण थाप पडते. नर्तक तेथे वळला की पाऊल आणि थाप एकमेकांना भेटतात. गायकाच्या मागे न धावता नर्तक तालवाद्यांच्या पंगतीत बसतो.

९/ टिटो पुएन्ते यांच्या वाद्यवृंदासोबत टॉरेस आणि त्यांची पत्नी मारिया यांचा नृत्यसंच रंगमंचावर उतरला, तेव्हा या नृत्याला क्लबाबाहेर प्रतिष्ठा मिळाली. पण टिकाऊ काम झाले ते वर्गांत. तेथे पावलांना क्रम होता, नावे होती आणि नवख्यालाही प्रवेश होता. पुढे व्हिडिओ कॅसेटींमुळे हीच पावले न्यूयॉर्क न पाहिलेल्यांच्या घरी पोहोचली. १९९७ मध्ये पोर्तो रिकोत जागतिक साल्सा काँग्रेस भरली आणि त्यानंतर देशोदेशी असे मेळे सुरू झाले, तेव्हा शिकवण्याजोगी एक पद्धत तयार होती.

१०/ या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे. पॅलेडियमच्या जुन्या मांबोत पावले बहुधा २-३-४ आणि ६-७-८ वर पडत. टॉरेस यांची मांडणी त्याहून वेगळी आहे, आणि 'खरे ऑन टू कोणते' हा वाद जाणकारांत आजही रंगतो. लिहिलेला पाठ जगभर जातो. न लिहिलेले पाठभेद त्याच्या सावलीत कोमेजतात. प्रमाणभाषा आणि बोली यांचे नाते आपल्याला अपरिचित नाही.

११/ म्हणून टॉरेस यांना साल्साचे 'जनक' म्हणणे अनैतिहासिक ठरेल. नाच वस्तीचा होता, ठेका क्यूबाचा होता, मोजणी एका शिक्षिकेकडून आली होती. पुष्कळशा आठवणींत 'मांबो किंग' झळकतो आणि जून लाबर्टा तळटीपेत जाते, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे.

१२/ तरीही टॉरेस यांचे श्रेय उणे होत नाही. जे डोळ्यांनी चोरून शिकावे लागत होते, ते त्यांनी मागणाऱ्या प्रत्येकाला मोजून दिले. आज एखाद्या दूरच्या शहरातला नवखा विद्यार्थी दुसऱ्या मात्रेवर वळतो, तेव्हा त्याच्या पावलात ईस्ट हार्लेमचा एक तुकडा असतो. त्याला ते ठाऊक असो वा नसो.