झोपेच्या गोळीची जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये पुन्हा का चालत नाही?

रात्री साडेनऊची वेळ. आजींची अल्प्राझोलमची पट्टी संपलेली. नातू मागच्या महिन्याची चिठ्ठी घेऊन मेडिकल गाठतो आणि काउंटरवरून उत्तर येतं, "नवीन चिठ्ठी आणा." चिठ्ठी खरी, सही डॉक्टरांची, गोळी तीच, दुकानही तेच. तरीही नकार. दर वेळी हा मेडिकलवाल्याचा आडमुठेपणा असतो असं नाही. बहुतेकदा तो नियमाला धरूनच वागत असतो.

भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी औषधं मुख्यतः तीन याद्यांत येतात: शेड्यूल एच, एच१ आणि एक्स. यातली एच१ ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात काही ताकदीची अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं आहेत, तशीच सवय लागू शकते अशी अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन ही औषधंही आहेत. ओळखायची खूण सोपी आहे: पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. ही औषधं विकताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. ती तीन वर्षं जपून ठेवावी लागते आणि औषध निरीक्षक ती तपासू शकतात.

एक चिठ्ठी, एकदाच

मुख्य गोष्ट १९४५ च्या औषध नियमांतल्या ६५ व्या नियमात आहे. या याद्यांतल्या औषधाची चिठ्ठी एकदाच वापरता येते. पुन्हा औषध द्यायचं असेल, तर डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवरच लिहिलेलं असावं लागतं. औषध दिल्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते. मेडिकलवाला शिक्का मारतो तो यासाठीच. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर शिक्का मारता येत नाही, म्हणून मूळ कागद मागितला जातो.

"चिठ्ठी सहा महिने चालते" असं बरेच जण सांगतात. हा नियम मात्र महिने मोजत नाही, वेळा मोजतो. त्यामुळे दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी एक ओळ लिहून घेणं फार उपयोगाचं ठरतं: "दर ३० दिवसांनी, एकूण तीन वेळा द्यावे." चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-पत्ता, डोस, गोळ्यांची एकूण संख्या, तारीख आणि सही हेही हवं. नुसतं "कंटिन्यू" लिहिलेलं असेल तर किती गोळ्या द्यायच्या हेच कळत नाही. डॉक्टरांनी दुकानात फोन केला तरी लेखी चिठ्ठीची जागा तो घेत नाही.

एकदा अंतर लिहिलं की ते पाळावं लागतं. ३० दिवस लिहिले असतील तर २० व्या दिवशी गोळ्या देता येत नाहीत. गणपतीला महिनाभर गावी जायचं असेल, तर आधीच डॉक्टरांना सांगून जास्त गोळ्या लिहून घ्याव्यात. पण त्यालाही मर्यादा आहे. अल्प्राझोलमसारखी मनावर परिणाम करणारी औषधं अमली पदार्थविषयक नियमांतही येतात. त्यांनुसार एका व्यक्तीला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रा जवळ ठेवता येतात. दीर्घ उपचार असेल आणि डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल, तर ३०० पर्यंत.

लिहिलेला ब्रँड संपला असेल तर? यादीतल्या औषधाच्या जागी दुकानदाराला आपल्या मनाने दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी.

शेड्यूल एक्स याहून कडक आहे. एडीएचडी असलेल्या मुलांना दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट याच यादीत येतं. त्याच्या चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानात दोन वर्षं राहते. विक्रीला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या यादीतली औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून लिहून देता येत नाहीत. प्रत्यक्ष जावंच लागतं.

इतकं वेळापत्रक सांभाळायचं, कारण यातल्या काही गोळ्या मध्येच तुटणं धोक्याचं असतं. कित्येक महिने रोज घेतलेली अल्प्राझोलम किंवा डायझेपाम एकदम बंद झाली, तर झोप उडते, जीव घाबरा होतो, हात थरथरतात आणि काहींना फिट्सही येतात. म्हणून पाकिटात आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढच्या चिठ्ठीचं बघावं. तरीही संपल्याच, तर शेजाऱ्यांकडून उसनी गोळी घेऊ नये. नेहमीचे डॉक्टर भेटत नसतील, तर जुनी शिक्का मारलेली चिठ्ठी आणि रिकामी पट्टी घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावं. कोणतं औषध, किती डोस आणि शेवटचं कधी घेतलं, हे त्यावरून तिथल्या डॉक्टरांना कळतं.