नववीचे प्रगतिपुस्तक

तुमच्या घरी पत्र्याची एखादी जुनी पेटी असेल, तर तिच्यात आजोबांचे किंवा पणजोबांचे मॅट्रिकचे सर्टिफिकेट सापडण्याचा बराच संभव आहे. घडीवर चिरलेले, मागून कागदाची पट्टी डकवलेले, पण जपून ठेवलेले. आता त्याच पेटीत त्यांचे इंग्रजी पाचवीचे, म्हणजे आजच्या हिशेबाने नववीचे, प्रगतिपुस्तक शोधून बघा. मिळायचे नाही. ते त्याच साली रद्दीत गेले असेल, नाहीतर बंबात. त्या कागदाला पुढे कोणी विचारणारच नव्हते; मग तो जपायचा कशासाठी?

ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की तीत काही विशेष आहे असे वाटतच नाही. पण सगळीकडे असे नसते. अमेरिकेत मुलगा कॉलेजकडे अर्ज करतो, तेव्हा त्याच्या शाळेकडून नववीपासूनचे सारे गुण जातात. चौदाव्या वर्षी बीजगणितात खाल्लेली गटांगळी अठराव्या वर्षी कॉलेजच्या टेबलावर उघडी पडते. (कॅलिफोर्निया विद्यापीठ त्यातल्या त्यात दयाळू. ते गुणांची सरासरी काढताना नववी सोडून देते आणि दहावी-अकरावीच धरते.) आपल्याकडे कॉलेजच्या दरवाजाने मुलाला त्याचा भूतकाळ जवळजवळ कधी विचारलाच नाही. हे कसे झाले, आणि जेव्हा एकदा विचारला तेव्हा काय झाले, ते आज सांगावयाचे आहे.

सुरुवात १८५७ ची. त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे स्थापन झाली. ती बेतली होती लंडन विद्यापीठाच्या त्या काळच्या नमुन्यावर. म्हणजे विद्यापीठाने स्वतः शिकवायचे नाही, फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. मुंबईची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मूठभर मुलांत महादेव गोविंद रानडे होते. आता विद्यापीठाच्या बाजूने विचार करा. रत्नागिरीच्या शाळेत मास्तर काय शिकवतात, धारवाडच्या शाळेत गुण सढळ हाताने देतात की आखडून, हे मुंबईत बसून कळायला मार्ग कोणता? तेव्हा शाळेचे काही विचारूच नये. मुलाला समोर बसवावे, कागद द्यावा आणि त्या तीन तासांत तो काय लिहितो ते पाहावे, असा हा सरळ व्यवहार होता. अविश्वासाचा म्हणा हवे तर, पण निदान सर्वांना सारखा.

या व्यवहाराची एक बाजू निष्ठुर होती. धोंडो केशव कर्वे यांची हकीकत तुम्हाला ठाऊक असेल. १८७५ साली मुरुडहून निघून, पावसापाण्यात कुंभार्ली घाट चढून ते पायी साताऱ्याला गेले. ती मॅट्रिक नव्हे, मराठी सहावीची सरकारी परीक्षा होती. पण दरवाजाची जात तीच. वयाची अट सतराची, आणि कर्व्यांनी ती ओलांडलेली. तरी समोरच्या साहेबांना हा बारकेला मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. झाले, परत फिरा. शाळेत इतकी वर्षे केलेला अभ्यास त्या क्षणी कोणाच्याच खिजगणतीत नव्हता. पुढच्या वर्षी ती परीक्षा त्यांनी कोल्हापुरास दिली, आणि मॅट्रिक झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविशीत. आजच्या मुलाला तेविसाव्या वर्षी नोकरी नसली तर घरचे काळजीत पडतात!

पण दुसरी बाजूही आहे, आणि माझ्या मते ती अधिक मोलाची. मॅट्रिक ही रांग नव्हती. तो उंबरठा होता. पहिला आलात की तीनशेवा आलात, याने फार मोठा फरक पडत नसे. उंबरठा ओलांडला की तुम्ही आत. १९०७ साली भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. गुण किती? साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी. शेकडा अडतीससुद्धा नव्हेत. डबक चाळीतल्या एका खोलीत, चिमणीच्या उजेडात केलेल्या अभ्यासाचे ते गुण होते, आणि ज्या समाजाला शाळेतच बाहेर बसवत त्या समाजातल्या मुलाने ते मिळवले होते. म्हणून त्यांचा जाहीर सत्कार झाला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. मग एल्फिन्स्टन कॉलेज, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य, १९१२ साली बी. ए., १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. आता कल्पना करा, त्या दारावर कोणी म्हटले असते की हे अडतीस टक्के ठीक, पण मागच्या तीन इयत्तांचे गुण दाखवा आणि मग तुमच्यापुढे किती जण आहेत ते पाहू. कल्पनाच करवत नाही.

बरे, शाळेतले गुण अगदीच निरुपयोगी होते का? तसेही नाही. ते कॉलेजच्या दरवाजावर चालत नसत, पण त्याच्या अलीकडच्या फाटकावर चालत. परीक्षेच्या अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागे. हायस्कूलचा लौकिक मॅट्रिकच्या निकालावर. तेव्हा कच्च्या मुलाचा फॉर्म पाठवायचा की अडवून ठेवायचा, हा मुख्याध्यापकांच्या हातातला मोठाच अधिकार होता. पुढे मॅट्रिक गेली, १९४८ च्या कायद्याने एस. एस. सी. बोर्ड आले, १९७५ साली अकरावीऐवजी दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली, तरी हे फाटक जागच्या जागी राहिले. फक्त ते नववीच्या शेवटाला सरकले. रस्त्याच्या तोंडाशी शाळेचा फलक लागतो ना, ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’, त्या शंभराच्या पाठीमागे कधी कधी नववीत नापास करून मागे ठेवलेली मुले असतात. त्यांची गणती त्या फलकावर होत नाही. शाळा सांगते, ‘अहो, याचं इथं जमायचं नाही. याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगा.’ म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून बाहेरून बस. गावोगावच्या आयांना हा सतरा नंबर ठाऊक आहे, आणि तो उच्चारताना त्यांचा आवाज आपोआप उतरतो. तेव्हा नववीच्या गुणांचा कॉलेजशी संबंध नाही असे कोणी म्हणाले, तर ते कागदोपत्री खरे आहे एवढेच म्हणावे लागेल.

ही खोड शिक्षणाचा विचार करणाऱ्यांना दिसत नव्हती असे मात्र नाही. मुदलियार आयोगाने १९५३ साली स्वच्छ सांगितले की बाहेरच्या परीक्षा कमी करा आणि मुलाचा शेवटचा हिशेब करताना त्याची वर्षानुवर्षे ठेवलेली शालेय नोंद व शाळेतल्या चाचण्या यांनाही वजन द्या. कोठारी आयोगाने १९६६ साली अंतर्गत मूल्यमापनाचा आग्रह धरला. पण एक शहाणपणाची पुस्ती जोडली, की हे गुण बोर्डाच्या गुणांत मिसळू नका, वेगळे दाखवा. शाळा आपल्या मुलांना झुकते माप देणार ही शंका त्यांनाही होतीच. आणि ती खोटी ठरली नाही. दहावीला शाळेच्या हातचे वीस गुण असत. ते वीस गुण काढून घेतल्यावर २०१९ च्या मार्चमध्ये राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता हे खरे, पण पालकांची ओरड झाली ती वीस गुणांबद्दल. गुण परत दिले गेले, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्क्यांवर जाऊन बसला.

ओरड का झाली, तर तोवर उंबरठ्याची रांग झाली होती. मुले वाढली, नावाजलेली कॉलेजे तेवढीच राहिली. अकरावीच्या एका जागेसाठी नुसते उत्तीर्ण होऊन भागेना. पुढच्यापेक्षा अर्धा टक्का अधिक हवा. २००९ साली सरकारने अकरावीच्या नव्वद टक्के जागा राज्य बोर्डाच्या मुलांसाठी ठेवण्याचे ठरवले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पंधरा वर्षांच्या मुलाची कॉलेजातली जागा न्यायालयात जाऊन भांडण्याइतकी मोलाची झाली होती.

आणि मग ती महामारी आली. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहून गेला तो गेलाच. नववी आणि अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली, आणि पहिल्या सत्राच्या गुणांवर व तोंडी-प्रात्यक्षिकांवर मुले वर चढवली गेली. त्या वेळी कोणाला त्याचे काही वाटले नाही. नववीचेच तर गुण! सहामाहीला ताप आला होता, नाहीतर क्रिकेटचे सामने होते. ‘दहावीत बघू’ हे आपल्याकडचे जुने वाक्य घरोघर म्हटले गेले असेल.

पुढच्या वर्षी दहावीचीच परीक्षा रद्द झाली. २८ मे २०२१ रोजी शिक्षणमंत्र्यांनी सूत्र जाहीर केले: प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी तीस दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे, वीस तोंडी, गृहपाठ व प्रात्यक्षिकांचे, आणि पन्नास नववीच्या अंतिम निकालाचे. पन्नास! दीडशे वर्षे ज्या कागदाला कोणी विचारले नव्हते, त्याला एका दिवसात निम्मी किंमत आली. तीही कोणत्या नववीला? जिचे दुसरे सत्र झालेच नव्हते त्या नववीला. खेळ संपल्यावर नियम सांगावा, त्यातला हा प्रकार.

सरकारपुढे दुसरा मार्ग होता का, हा प्रश्न विचारणे सोपे आहे. त्या मे महिन्यात रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या; पंधरासोळा लाख मुलांना परीक्षेला बसवा असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात तरी नसते. माझे म्हणणे एवढेच, की ज्या मुलांनी नववी आपल्या समाजाच्या जुन्या समजुतीनुसार हलकी घेतली, त्यांची त्यात चूक नव्हती. जी मुलगी पहिल्यापासून नेटाने अभ्यास करीत आली होती तिला या सूत्राने न्याय मिळाला, हेही मला नाकारता येत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात मयत झाली म्हणून वर्ष गमावलेल्या मुली आपण पाहिल्या आहेत. एका दिवसावर सारे टांगण्यापेक्षा दोन वर्षांचा हिशेब बरा, असे तिने म्हटले तर तिला काय उत्तर देणार?

१६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला, ९९.९५ टक्के. सगळेच पुढे आल्यावर रांग लावायची कशी? म्हणून अकरावीसाठी ऐच्छिक प्रवेशपरीक्षा ठरली होती. ती उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. अखेर अकरावीचे प्रवेश याच गुणांवर झाले, म्हणजे पर्यायाने निम्मे नववीच्या गुणांवर. ज्या शाळेने नववीत गुण जपून दिले होते, तिची मुले मागे राहिली. कारण शिस्तीच्या शाळा मुलांना जागे ठेवण्यासाठी नववीचे पेपर मुद्दाम कडक तपासतात. हे कोणत्या सूत्रात बसवणार होते?

१५ मार्च २०२२ रोजी दहावीची मुले पुन्हा बाकावर बसली. अभ्यासक्रम पाऊण ठेवला होता, वेळ थोडा वाढवून दिला होता, आणि केंद्र बहुतेकांच्या स्वतःच्या शाळेतच होते. या मुलांची नववी २०२०-२१ ची, बहुतेकांची घरात मोबाइलसमोर गेलेली. त्या वर्षी परीक्षा न घेताच त्यांना वरच्या वर्गात घातले होते. त्यांच्या नववीच्या प्रगतिपुस्तकात लिहायला फारसे काही नव्हतेच. ते कुठे आहे म्हणून त्यांना कोणी विचारलेही नाही.