दाब मोजला म्हणजे काचबिंदू शोधला?

मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह आला की शिबिरांचे फलक लागतात आणि एक जुनी मागणी नव्याने होते. काचबिंदू चोरपावलांनी येतो, नेलेली नजर परत देत नाही. डोळ्यांतला दाब मोजायला दोन मिनिटे पुरतात. मोतीबिंदूच्या शिबिरांनी तर हजारोंना दृष्टी दिली. मग चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजण्याची सरकारी मोहीम का नको?

या पूर्वपक्षातले खरे आधी मान्य करू. अरविंद नेत्र रुग्णालयाच्या तमिळनाडूतील ग्रामीण पाहणीत (२००३) चाळिशीपुढच्या २.६ टक्के लोकांना काचबिंदू आढळला. त्यांतल्या दहांपैकी नऊंहून अधिकांना त्याचा पत्ताच नव्हता. उपचारही निरुपयोगी नाही. स्वीडनमधल्या एका चाचणीत (२००२) उपचार न घेणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांचा आजार पुढे सरकला, घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांचा. म्हणजे रोग छुपा आहे आणि औषधाला गुण आहे. वाद आहे तो मधल्या पायरीचा: शोधायचे कशाने?

पाऱ्याच्या २१ मिलिमीटरपेक्षा जास्त दाब म्हणजे संशयित, ही शिबिरातली रूढ कसोटी. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीत (१९९१) ती लावली तेव्हा निम्म्याहून थोडे कमी, ४७ टक्के रुग्णच हाती लागले. निरोगी लोकांपैकी सुमारे ८ टक्के विनाकारण संशयित ठरले. बाल्टिमोरची माणसे वेगळी, हे कबूल. पण हेच प्रमाण धरून आपल्याकडच्या १०,००० जणांचा हिशेब मांडून पाहा. त्यांत रुग्ण २६०. सापडतील १२२, निसटतील १३८. शिवाय सुमारे ७८० निरोगी माणसे मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी खेटे घालतील. पण त्यांच्याहून मोठे नुकसान त्या १३८ जणांचे. 'दाब नॉर्मल' असा शिक्का घेऊन ते घरी जातात आणि पुढे डोळ्यांच्या डॉक्टरकडे फिरकत नाहीत. तपासणी न होण्यापेक्षा हा दिलासा वाईट.

मोतीबिंदूचा दाखलाही इथे लागू पडत नाही. तिथे शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटली की रुग्णाला दिसू लागते, आणि तोच शेजाऱ्याला शिबिराला घेऊन येतो. काचबिंदूचे थेंब जन्मभर, रोज, बहुधा पदरचे पैसे मोडून घालायचे, आणि नजर तसूभरही सुधारत नाही. आहे ती टिकते एवढेच. 'फरक काहीच नाही' म्हणत माणूस दुसरी बाटली आणत नाही. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीची तत्त्वे मांडली. निदान व उपचाराची सोय आधी हवी आणि शोध एकदाच न करता सतत चालू राहावा, ही दोन्ही त्यांत आहेत. एका दिवसाचे शिबिर दोन्हींत नापास होते.

मग हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. रुग्ण शोधायला दारोदार जाण्याआधी, जो आपण होऊन दारात येतो त्याला नीट तपासावे. 'चाळिशी लागली' म्हणून वाचायचा चष्मा करायला माणूस येतोच. तेव्हा नंबर काढून त्याची बोळवण करू नये. दाब मोजावा, डोळ्यातले पाणी निचरते तो कोन पाहावा, आणि तो अरुंद नसेल तर थेंबांनी बाहुली मोठी करून डोळ्याची नसही पाहावी. मोतीबिंदूच्या शिबिरात आलेल्यांनाही हाच नियम.

दुसरे, ज्याला काचबिंदू निघाला त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना बोलावणे धाडावे. रॉटरडॅमच्या अभ्यासात (१९९८) रुग्णांच्या अशा आप्तांना जन्मभरात काचबिंदू होण्याचा धोका २२ टक्के निघाला, इतरांना २.३. घरोघरी दाब मोजणारे टोनोमीटर यंत्र फिरवण्यापेक्षा ही एक चिठ्ठी अधिक रुग्ण शोधेल.

तिसरे, सरकारी दवाखान्यात थेंब बारमाही मिळावेत आणि ते न्यायला कोण आले नाही, याची वही असावी. मोहिमेचा पैसा आधी या वहीवर खर्च करावा. शिबिरात किती जणांचा दाब मोजला हा आकडा अहवालात शोभतो. पण पाच वर्षांनंतरही थेंब घालणारे किती उरले, हे ही वहीच सांगते.